पुण्या-मुंबईत इंजिनिअरिंगला जायचंय? ऑप्शन फॉर्मआधी करायची कामं

सीईटीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो: "एवढ्या पर्सेंटाइलला पुण्यात कुठलं कॉलेज मिळेल?" हा प्रश्न अर्धाच आहे. मूल मोठ्या शहरात पाठवताना कॉलेज, ब्रँच आणि राहण्या-जेवणाची सोय या तिन्हींचा निर्णय एकदमच घ्यायचा असतो. आपण पहिल्या दोनांवर महिनाभर खल करतो आणि तिसरं "प्रवेश झाल्यावर बघू" म्हणून सोडून देतो. नंतर ऑगस्टमध्ये, चार दिवसांत खोली शोधायची वेळ येते आणि मुलाची पहिली सेमिस्टर तिथेच विस्कटते.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो आणि दर पावसाळ्यात मुलांसोबत, त्यांच्या आईवडिलांसोबत ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेज-ब्रँचची क्रमवार यादी, भरायला बसतो. त्या बैठकांतून तयार झालेली कामाची ही पद्धत आहे. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी इंजिनिअरिंगला जातंय, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे सीईटी सेलची (राज्यातले हे प्रवेश करणाऱ्या सरकारी यंत्रणेची) त्या वर्षीची माहिती पुस्तिका जवळ ठेवूनच पुढचं वाचा.

पहिलं काम: तुमचं होम युनिव्हर्सिटी कोणतं?

बहुतेक कॉलेजांत राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के जागा हद्दीबाहेरच्या मुलांना असतात. पुण्याच्या कॉलेजांसाठी "हद्दीतला" म्हणजे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतला. मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत मुंबई, ठाणे, पालघरबरोबर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही येतात. त्यामुळे सावंतवाडीचा मुलगा मुंबईच्या कॉलेजांसाठी घरचा असतो आणि पुण्यासाठी बाहेरचा. सातारा, सांगली, कोल्हापूरची मुलं दोन्हीकडे बाहेरची.

इथे एक गोष्ट पालकांना फार उशिरा कळते. होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी कुठून झाली त्यावरून ठरतं. साताऱ्याच्या मुलाने अकरावी-बारावी लातूरला केली असेल तर त्याचं होम युनिव्हर्सिटी नांदेडचं. पुण्यात राहणाऱ्या मुलीने सोलापुरातून बारावी केली असेल तर पुण्याची ७० टक्क्यांची बाजू तिच्यासाठी बंद. फॉर्म भरताना हे समजलं तर सगळा अंदाज कोसळतो, म्हणून सुरुवात इथूनच करायची.

पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय अशा मोजक्या संस्थांत जागा राज्यस्तरावर भरतात, तिथे हद्दीचा प्रश्न येत नाही.

दुसरं काम: कट-ऑफची यादी स्वतः वाचा

मोबाइलवर फिरणारे "९२ पर्सेंटाइलला मिळणारी कॉलेजं" असले तक्ते बाजूला ठेवा. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रत्येक फेरीच्या याद्या असतात. पीडीएफ मोठी असते आणि पहिल्यांदा उघडल्यावर डोळे फिरतात, पण वाचायला अर्ध्या तासात जमतं.

प्रत्येक ब्रँचखाली जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ, जी-एससी-एस अशा रकान्यांची रांग दिसते. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. रकान्यात दोन आकडे असतात. वरचा त्या जागेवर शेवटचा प्रवेश मिळालेल्या मुलाचा मेरिट नंबर, खाली कंसात त्याचं पर्सेंटाइल. मुलींनी जी आणि एल दोन्ही रकाने पाहायचे, राखीव प्रवर्गातल्या मुलांनी ओपनचाही रकाना पाहायचा, कारण ते दोन्हीकडे पात्र असतात.

एकाच वर्षाची यादी पाहून अंदाज बांधू नका. किमान दोन वर्षांच्या, पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या याद्या शेजारी ठेवा. दोन्ही वर्षी आकडा जवळपास तिथेच राहिला असेल तर त्यावर भरवसा ठेवता येतो. खूप हलला असेल तर कारण शोधा. पुष्कळदा त्या ब्रँचच्या जागा वाढलेल्या असतात. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२४-२५ पासून ब्रँचच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, आणि अनेक कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या. जागा वाढल्या की कट-ऑफ उतरतो आणि प्रवेश सोपा होतो. पण त्या जास्तीच्या मुलांसाठी शिक्षक आणि प्रयोगशाळा वाढल्या का, हा प्रश्न कॉलेजला विचारलाच पाहिजे.

मुंबईची यादी पाहताना आणखी एक ध्यानात घ्या. तिथली काही नावाजलेली कॉलेजं भाषिक अल्पसंख्याक संस्था आहेत: विलेपार्ल्याचं द्वारकादास संघवी गुजराती, वांद्र्याचं थडोमल शहानी सिंधी. तिथल्या बऱ्याच जागा त्या समाजासाठी राखीव असतात, त्यामुळे एकूण जागांचा आकडा मोठा दिसला तरी तुमच्या वाट्याच्या जागा थोड्या असतात. सीट मॅट्रिक्सच्या तक्त्यात हे स्पष्ट दिलेलं असतं.

कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) रकाना विसरू नका. या मंजूर संख्येवरच्या ५ टक्के जादा जागा असतात आणि त्यांवर शिक्षण शुल्क माफ असतं. कट-ऑफ नेहमीच्या जागांपेक्षा चढा असतो. ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. तो वेगळा भरला नाही तर त्या जागेसाठी तुमचा विचारच होत नाही.

तिसरं काम: पाटीवरचं पूर्ण नाव वाचा

"पोराला एमआयटी मिळालं" असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा विचारतो, कुठलं? कोथरूडचं आज खासगी विद्यापीठ आहे, आळंदीचं एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग वेगळं, लोणी काळभोरचं पुन्हा वेगळं. विश्वकर्माचं बिबवेवाडीचं व्हीआयटी आणि कोंढव्याचं व्हीआयआयटी ही दोन नावं एका अक्षराने वेगळी आहेत. डी. वाय. पाटील हे नाव आकुर्डी, पिंपरी, लोहगाव, नेरूळ अशा किती तरी पाट्यांवर आहे, आणि त्यांच्या व्यवस्थापनातही फरक आहेत. सिंहगडचं वडगाव, नऱ्हे, वारजे ते थेट लोणावळ्यापर्यंत. एकाचा लौकिक दुसऱ्याला चिकटवू नका. कॉलेजचा कोड आणि पूर्ण पत्ता वहीत लिहा आणि पुढची सगळी चौकशी त्या कोडवरच करा.

याच टप्प्यावर आणखी एक फाटा फुटतो. समोरची संस्था कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश देणारं कॉलेज आहे की खासगी किंवा अभिमत विद्यापीठ? खासगी विद्यापीठ वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही, काही फार चांगली आहेत. पण आपल्याकडच्या मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबाला तिथे मोठा फटका बसतो तो शिष्यवृत्तीचा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. दोन्ही ठिकाणी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. मुलींची ही सवलत खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. बहिणीला एका कॉलेजात फी भरावी लागली नाही आणि भावाने शेजारच्या विद्यापीठात पूर्ण फी भरली, असं घरोघरी घडतंय. त्यामागे हेच कारण असतं.

चौथं काम: प्लेसमेंटचं पोस्टर सोडा, ही पीडीएफ उघडा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

एनआयआरएफच्या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला सरकारला दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. कॉलेजच्या साइटवर "एनआयआरएफ" नावाची लिंक शोधा, बहुतेकदा ती तळाशी असते. क्रमवारीत नंबर आला की नाही याला इथे महत्त्व नाही. आतला तक्ता पाहायचा.

चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात एका तुकडीची अख्खी कहाणी असते: पहिल्या वर्षाला किती मुलं आली, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला किती आली, ठरलेल्या मुदतीत किती पास झाली, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, आणि पुढच्या शिक्षणाला किती गेली. समजा पहिल्या वर्षाला ५०० आणि थेट दुसऱ्याला ५० अशी ५५० मुलं आली, वेळेत पदवी ३८० जणांना मिळाली आणि नोकरी २०० जणांना लागली. त्याच कॉलेजचं पोस्टर "९० टक्के प्लेसमेंट" म्हणेल आणि तेही हिशेबात बसवता येईल, कारण पोस्टरवर फक्त प्लेसमेंटसाठी नोंदणी केलेली आणि निकषात बसलेली मुलं मोजतात. तुमचं मूल मात्र त्या ५५० मधलं एक असणार आहे. म्हणून भागाकार स्वतः करा.

मला यातला "मुदतीत पास" हा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. तो कमी असेल तर मुलं मागे राहतात आणि कॉलेज त्यांना हात देत नाही, असं समजायला जागा आहे. पगारात सर्वोच्च पॅकेजकडे लक्षच देऊ नका. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. तोच आकडा घरच्या हिशेबाच्या कामाचा.

त्याच फाइलमध्ये शिक्षकांची यादी असते: पद, शिक्षण, अनुभव, रुजू झाल्याची तारीख. निम्मे शिक्षक गेल्या वर्षभरातच आलेले दिसले तर कॉलेजला भेट द्याल तेव्हा कारण विचारा.

ही माहिती अख्ख्या कॉलेजची असते, ब्रँचची नसते. ब्रँचसाठी एनबीए मानांकन पाहा. नॅक आणि एनबीए ही दोन्ही दर्जा तपासून दिलेली मानांकनं. नॅक संस्थेला मिळतं, एनबीए एकेका ब्रँचला, आणि ते कधीपर्यंत वैध आहे हेही तपासायचं. एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स), एआय-एमएल (एआय आणि मशीन लर्निंग) अशा नव्या ब्रँचेसची पहिली तुकडी बाहेर पडली आहे का, तेही विचारा. पडली नसेल तर त्या ब्रँचचं "प्लेसमेंट रेकॉर्ड" म्हणून जे दाखवतात ते दुसऱ्याच ब्रँचचं असतं.

पाचवं काम: कॉलेज आणि खोली एकाच कागदावर मांडा

एक मोठा कागद घ्या. मनातली आठ-दहा कॉलेजं एकाखाली एक लिहा आणि पुढे रकाने पाडा: शिक्षण शुल्क, डेव्हलपमेंट फी, मिळणारी सवलत, राहणं, जेवण, रोजचा प्रवास. शेवटी चार वर्षांची बेरीज. व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या साइटवर कॉलेजनिहाय दिसते. तोंडी सांगितलेली फी त्याच्याशी जुळवून पाहा. शिष्यवृत्तीची सवलत शिक्षण शुल्कावर असते, डेव्हलपमेंट फी आणि इतर आकार आपल्याच खिशातून जातात. सवलतीची रक्कमही अनेकदा उशिरा येते, तेव्हा पहिल्या वर्षी हाताशी थोडे पैसे जास्त ठेवा.

आता राहण्याचं. मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांना पुरेसं वसतिगृह नाही. माटुंग्याच्या व्हीजेटीआयला प्रवेश मिळाला तरी वसतिगृहात जागा मिळेलच असं धरून चालू नका. ती वेगळ्या मेरिटवर आणि आरक्षणावर मिळते. कल्याण-डोंबिवलीला नातेवाईक आहेत म्हणून सकाळच्या फास्ट लोकलने रोज जाऊ, असं घरी बसून ठरवणं सोपं आहे. एकदा सोमवारी सकाळी आठला मुलाला त्या गाडीत स्वतः चढू द्या, संध्याकाळी सहाला परत येऊ द्या, आणि मगच ठरवा. नाहीतर रोजचे तीन-चार तास प्रवासात गेले की अभ्यास रात्री अकराला सुरू होतो.

पुण्यात अंतरं नकाशावर लहान दिसतात. शिवाजीनगरला सीओईपीच्या जवळ मेट्रो आहे. आकुर्डी-निगडीच्या कॉलेजांना लोणावळा लोकलचं स्टेशन जवळ पडतं. धनकवडीला पीआयसीटीत जाणाऱ्याला मेट्रो स्वारगेटला सोडून पुढे पीएमपीची बस धरावी लागते. कर्वेनगरला कमिन्स या मुलींच्या कॉलेजात जाणारी मुलगी पायी दहा मिनिटांच्या खोलीत राहिली तर तिची चार वर्षं सुखात जातात. म्हणून खोली कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर शोधा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. बसचे पैसे वाचतात, वेळ वाचतो, आणि पावसाळ्यात मूल लेक्चर बुडवत नाही.

कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका कॉटपुरती) जागा बघताना भाड्याच्या आकड्यावर थांबू नका. डिपॉझिट किती आणि सोडताना त्यातून काय कापणार? लाइट बिल भाड्यात की वेगळं? पाणी किती वेळ येतं? एका बाथरूममागे किती मुलं? गेट किती वाजता बंद होतं आणि परीक्षेच्या काळात लायब्ररीतून उशिरा आलं तर चालतं का? सोडायची नोटीस किती दिवस आधी द्यायची? मेसचं महिन्याचं कार्ड घेण्याआधी दोन वेळा तिथे पैसे देऊन जेवा, एकदा बुधवारी रात्री जरूर, कारण रविवार दुपारच्या फीस्टवरून रोजच्या भाजीचा अंदाज येत नाही. रविवारी रात्री पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात, तो खर्च वेगळा धरा.

परिस्थिती बेताची असेल तर मार्ग आहेत, फक्त ते लवकर शोधावे लागतात. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय करते. त्यांचा अर्ज आणि मुलाखत वेगळी असते, त्यामुळे निकाल लागताच चौकशी करा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. आदिवासी मुलांना स्वयम् योजना आहे, ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि आर्थिकदृष्ट्या मागास व अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. हक्काचे पैसे आहेत, संकोच करू नका.

सहावं काम: प्रत्यक्ष जाऊन या

यादी पाच-सहा कॉलेजांवर आली की जाऊन या. प्रवेशाच्या मांडवात बसलेल्या माणसाशी बोलून माहितीपत्रकातलंच ऐकायला मिळतं. कॉलेज चालू असताना, दुपारी चारच्या सुमारास, कँटीनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांजवळ बसा. आपल्या जिल्ह्याचा कुणी भेटतोच. त्याला विचारा: प्रॅक्टिकल खरंच होतात की जर्नल उतरवून घेतात? अटेंडन्स कमी पडली तर काय करतात? गेल्या सेमिस्टरला कुठला विषय शिकवायला कुणी नव्हतं? कॅम्पसला आलेल्या कंपन्यांनी तुमच्या ब्रँचला बसू दिलं का? मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या वर्षी कशी तग धरतात?

मुलीला घेऊन गेला असाल तर वसतिगृह आणि तिथून कॉलेजपर्यंतचा रस्ता संध्याकाळी सातनंतर पाहा. ती काय म्हणते ते आधी ऐका, तुमचं मत नंतर.

सातवं काम: ऑप्शन फॉर्म

मुलं इथे एका चुकीच्या भीतीने अडकतात. "वरचं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं आणि नाही मिळालं तर खालचंही जाईल" असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. जागावाटप मेरिट नंबरने होतं. तुमची पाळी आली की संगणक पहिल्या पर्यायापासून खाली जातो आणि जिथे जागा शिल्लक असेल ती देतो. त्याच कॉलेजला दुसऱ्याने तुमच्यापेक्षा वर टाकलं होतं म्हणून ते त्याला आधी मिळत नाही. तेव्हा क्रम मिळण्याच्या शक्यतेने लावू नका, मनापासून हव्या असण्याच्या क्रमाने लावा.

सावध राहायचं ते वेगळ्या ठिकाणी. २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला मिळाला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, तर जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून वरच्या सहा ओळींत शेजाऱ्याने सुचवलं म्हणून काहीही टाकू नका. तिथे तेच लिहा जे मिळालं तर तुम्ही खरंच बॅग भरणार आहात. खाली मात्र हात आखडू नका. जिथे नक्की मिळेल आणि जिथे जायला हरकत नाही अशी चार-पाच कॉलेजं शेवटी असलीच पाहिजेत.

ब्रँच आधी की कॉलेज आधी, यावर माझं मत सांगतो. मुलाला विषयाची ओढ स्पष्ट असेल, मेकॅनिकलच हवं किंवा सिव्हिलच हवं, तर ब्रँच धरा आणि कॉलेज एक पायरी खाली घ्या. ओढ स्पष्ट नसेल तर चांगल्या कॉलेजातली ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) ही सुमार कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा बरी. "दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून मिळेल" या आश्वासनावर मात्र काही ठरवू नका. ते पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून असतं.

लॉगिनचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याला किंवा "काउन्सेलर"ला देऊन घरी येऊ नका. फॉर्म लॉक करण्याआधी छापून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला प्रत्येक ओळीचा कोड मोठ्याने वाचायला सांगा.

कागद आणि पैसे

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जात पडताळणीला महिने लागतात, तो अर्ज अकरावीतच करा. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल मे महिन्यात काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते.

डोनेशन मागणं १९८७ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. पावती न देता कुणी पैसे मागत असेल तर उठून या. मूळ कागदपत्रं पडताळणीनंतर परत घ्या, कॉलेजला ती ठेवून घेता येत नाहीत. प्रवेश ठरल्या मुदतीत रद्द केला तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी फी परत मिळते, त्यासाठी रद्द केल्याची पोच जपून ठेवा.

प्रवेश झाल्यावर त्याच आठवड्यात महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. बँक खातं मुलाच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे सरकला की नाही हे दर पंधरा दिवसांनी पाहा, कारण तो तिथे अडकला तर बऱ्याचदा कुणी कळवत नाही. आणि दुसऱ्या वर्षी तो पुन्हा भरावा लागतो.